उभा राहील असा ज्युनिअर पाहिजे

मला एक ज्युनिअर हवा होता. फक्त एक. हत्ती मागितला नव्हता, विमान मागितलं नव्हतं. काळा कोट घातलेला, दोन पायांवर उभा राहू शकणारा आणि "साहेब, आमचे सीनिअर दुसऱ्या कोर्टात आहेत, कृपया थोडं थांबावं" एवढं एक वाक्य न अडखळता म्हणू शकणारा कुणीही चालला असता. एवढ्याशा मागणीसाठी मला काय काय सोसावं लागलं ते सांगतो, मग माझं डोकं फिरलं ते योग्य की अयोग्य, तुम्हीच ठरवा. अयोग्य वाटलं तर मात्र मनातच ठेवा. ते तोंडावर सांगायला आमच्या घरात एक व्यक्ती आहे.

आमच्या कोर्टाच्या इमारतीत माझी निम्मी कामं तळमजल्यावर चालतात आणि निम्मी तिसऱ्या मजल्यावर. मध्ये लिफ्ट आहे. लिफ्टवर "दुरुस्ती चालू आहे" अशी पाटी आहे. ती पाटी इतकी जुनी झाली की मध्यंतरी त्या पाटीचीच दुरुस्ती झाली. पूर्वी जिने चढायला ज्युनिअर असत. कोर्टाच्या आवारात दगड भिरकावला तर तो हमखास एखाद्या ज्युनिअरला लागायचा. आता दगड भिरकावला तर तो सीनिअरलाच लागतो, आणि तोही नेमका गुडघ्यावर. पोरं गेली कुठं? कंपन्यांत गेली. काचेच्या इमारतीत बसून करारनामे वाचतात, तिथल्या लिफ्ट चालतात आणि कॉफी फुकट असते म्हणे.

तर झालं असं, की आमचा एक जुना अशील आहे, घड्याळं दुरुस्त करणारा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे, म्हणजे एक काउंटर, एक स्टूल आणि भिंतभर टिकटिक. मालकानं त्याला दुकान खाली करायला सांगून दावा लावला. तारखेच्या दिवशी मी तळमजल्यावर एका साक्षीदाराला असा काही धारेवर धरला होता, की माझं मलाच कौतुक वाटत होतं. त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर घड्याळवाल्याचा पुकारा झाला. वकील हजर नाही म्हटल्यावर कोर्टानं त्याचं म्हणणं न ऐकताच एकतर्फी हुकूम देऊन टाकला, की दुकान खाली करा. मी धापा टाकत पोचलो तेव्हा तिथं पुढची केस चालू होती.

"वकीलसाहेब," घड्याळवाला जिन्यातच म्हणाला, "मी जन्मभर लोकांची घड्याळं वेळेवर आणली, आणि माझं दुकान उशीर झाला म्हणून गेलं. हे गिऱ्हाइकांना सांगायचं कसं?"

बोलला शांतपणे, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तो एकतर्फी हुकूम रद्द करावा म्हणून मी लगेच अर्ज केला. त्याची सुनावणी तीन आठवड्यांनी, एका गुरुवारी लागली. तेव्हाही कुणी हजर नसलं तर दुकान कायमचं जाणार हे कोर्टानं स्वच्छ बजावलं. आणि त्याच गुरुवारी, त्याच वेळी, तळमजल्यावर माझी दुसरी केस होती. नशीब म्हणतात ते हेच.

"मग नेमा ना एखादा ज्युनिअर," बायको म्हणाली. तिला सगळंच सोपं वाटतं.

मी तिला आमच्या व्यवसायाची रीत समजावून सांगितली. ज्युनिअर नेमत नसतात. ज्युनिअर येतो. कुणाचा तरी मामा त्याला घेऊन येतो, तो पाया पडतो, आपण "हं" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तो आपली बॅग उचलतो. वर्षानुवर्षं तो आपल्या मागं उभा राहतो आणि तोंड उघडत नाही. वकीलपत्रावर नाव आपलं. म्हणजे अशिलानं ज्या कागदावर सही करून आपल्याला उभं राहायचा अधिकार दिलेला असतो, त्यावर त्याचं नाव नसतं. पगाराचा विषय निघत नाही, कारण विद्या मिळतेय हेच काय कमी आहे? आम्हीही असेच शिकलो.

"म्हणूनच कुणी येत नाही," बायको म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. वादात शेवटचा शब्द आपला झाला की ती नेहमी भाजी चिरते.

आता जाहिरात द्यायची म्हटल्यावर सल्लागारांची काय कमी! समोरच्या दाराआड बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. ते प्रत्येक वाक्याची सुरुवात "माझ्या अनुभवानं सांगतो" अशी करतात, म्हणून आम्ही त्यांना 'अनुभवी' म्हणतो. ते चहाला आले आणि म्हणाले, "माझ्या अनुभवानं सांगतो, हुशार माणूस घेऊ नका. हुशार माणूस टिकत नाही."

"मग बिनडोक घेऊ?"

"तोही नको. तो जातच नाही."

एवढं ज्ञान देऊन दोन बिस्किटं खाऊन ते गेले.

जाहिरात मी स्वतः लिहिली. इतकी वर्षं वर्तमानपत्रात नोटिसा देतोय, मला काय शिकवायचं? कोर्टासमोरच्या टायपिस्टला मजकूर सांगितला. तो माझ्या तोंडचा पहिला शब्द ऐकला की उरलेलं आपोआप टाइप करतो, इतकी त्याला माझी धाटणी ठाऊक आहे. रविवारी जाहिरात छापून आली. "तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, आम्हांस एका ज्युनिअर वकिलाची आवश्यकता आहे. सदर पदावर अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध अगर दावा असल्यास त्याने तो लेखी पुराव्यानिशी कळवावा. न कळविल्यास असा हक्क सोडून दिला असे समजण्यात येईल."

अर्ज एकही आला नाही. दावे दोन आले.

पहिला दावा एका काकांचा. त्यांचं म्हणणं, हे पद मी एका लग्नाच्या पंगतीत त्यांच्या पुतण्याला तोंडी कबूल केलं होतं. पुतण्या आता परदेशात हॉटेल चालवत होता, पण हक्क सोडायची काकांची तयारी नव्हती. दुसरा दावा आमच्याच इमारतीच्या कमिटीचा. माझं ऑफिस आमच्या पुढच्या खोलीत आहे. तिथं आणखी एक माणूस रोज येणार, म्हणजे जिना झिजणार, पाणी जास्त लागणार, तेव्हा आधी कमिटीची परवानगी घ्या. परवानगीच्या अर्जासोबत येणाऱ्या माणसाचा फोटो जोडा. अहो, माणूसच मिळाला नाही तर फोटो कुणाचा जोडू? मी तसं लेखी विचारलं. उत्तर आलं, "फोटोशिवाय अर्ज विचारात घेतला जाणार नाही." खाली सही अनुभवींची. तेच कमिटीचे सेक्रेटरी! माझी बिस्किटं खाऊन माझ्याच घरी नोटीस पाठवतात. त्या दिवसापासून मी त्यांना पुडा उघडून दिला नाही, फक्त चहा.

मग बायकोनं तिच्या धाकट्या भावाला बोलावलं. आमचा हा मेहुणा एका कंपनीत माणसं भरायचं काम करतो. दिवसभर माणसं भरतो, आणि वर्षाअखेरीस तीच काढतो.

"भावजी, मार्केट बदललंय," तो सोफ्यावर ऐसपैस बसून म्हणाला. "आता उमेदवार तुमची मुलाखत घेतो. ट्रेंड ओळखा. तुम्ही त्याला काय देणार? तुमची संस्कृती काय?"

"माझी संस्कृती?" मी उडालोच. "तुझ्या बहिणीला विचार!"

"कामाच्या जागेची संस्कृती हो. वातावरण कसं आहे?"

"दुपारी पंखा बंद पडतो."

त्यानं ते लिहून घेतलं नाही. मला न विचारता त्यानं इंटरनेटवर जाहिरात टाकली, आणि ती वाचून मी कुणाबद्दल वाचतोय हेच मला कळेना. "अनेक मजल्यांवर कार्यरत असलेल्या, झपाट्याने वाढणाऱ्या संस्थेस उत्साही सहकारी हवेत." झपाट्यानं माझं फक्त पोट वाढलंय. आणि अनेक मजले म्हणजे तळमजला आणि तिसरा. पण आश्चर्य म्हणजे तीन अर्ज आले.

पहिला उमेदवार मोठा गोड मुलगा. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "सर, आठवड्यातून किती दिवस घरून काम?"

"बाळ, कोर्टात उभं राहायचं काम आहे."

"हो, पण ते घरून नाही का होणार?"

मी त्याला म्हटलं, तू न्यायाधीशांना तुझ्या घरी यायला तयार कर, मी बॅग घेऊन येतो. त्यानं हसून फोनमध्ये काहीतरी नोंदवलं. मेहुण्यानं नंतर सांगितलं, की त्यानं मला पाचपैकी दोन तारे दिले. मी विचारलं, दोन कशाचे? तर म्हणे चहाचे.

दुसरा वडिलांना घेऊन आला. इथं मात्र जे घडलं त्यात माझा काही दोष नव्हता हे मी आजही शपथेवर सांगेन. मुलाच्या अर्जात लिहिलं होतं, की त्यानं एका मोठ्या वकिलाकडे अनुभव घेतलाय. मी सहज विचारलं, "कुठल्या महिन्यात?" तो म्हणाला, "मे." मी म्हटलं, "मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, हे खरं आहे की नाही?" त्याचा चेहरा उतरला. आणि समोर चेहरा उतरलेला माणूस दिसला की मला पुढचं काही सुचत नाही, हात आपोआप कमरेवर जातात. मी उठून उभा राहिलो. "मी तुम्हाला असं सुचवतो, की तुम्ही त्या वकिलांच्या ऑफिसची पायरीसुद्धा चढला नाहीत!"

"खरं नाही!" मुलगा ओरडला.

"ऑफिसच्या दाराचा रंग कोणता?"

"आठवत नाही!"

"आठवत नाही की ठाऊकच नाही?"

अर्ध्या तासात त्या मुलानं सगळं कबूल केलं. अनुभव खोटा, छंद खोटे, वाचनाची आवड खोटी, इतकंच काय, लहानपणी चुलत भावाची सायकल यानंच मोडली होती हेही. वडील हादरले. "सायकल तू मोडलीस? आणि मी माझ्या भावाशी इतकी वर्षं बोलत नाही!" बापलेक एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागले. बायको आतून पाणी घेऊन आली. ते दोघं गेल्यावर ती मला म्हणाली, "नोकरी द्यायची होती की जन्मठेप?"

तिसरी मुलगी होती. मेहुण्यानं आणि बायकोनं मला आधीच दम दिला होता, की उभं राहायचं नाही, कमरेवर हात ठेवायचे नाहीत. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. ती आली, खुर्ची सरकवून बसली, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सर, तुमचा शेवटचा ज्युनिअर का गेला?"

"कंपनीत गेला."

"कुठली कंपनी?"

"ते आता... पंख्यांची."

"वकील म्हणून?"

"विक्रीला," मी म्हटलं. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

"म्हणजे वकिली सोडून त्यानं पंखे विकणं पसंत केलं, असं समजायचं का?"

दाराआडून बायको हसली. मला ऐकू आलं. तरी मुलगी हुशार आहे हे मला दिसत होतं, आणि गुरुवार तोंडावर आला होता, म्हणून मी राग गिळला आणि घड्याळवाल्याची सगळी कर्मकथा तिला सांगितली. चुकलेला पुकारा, एकतर्फी हुकूम, मालकाचा आडमुठेपणा, सगळं. तिनं केसचे कागद मागून घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. पहिल्या उमेदवारानं फक्त वायफायचा पासवर्ड मागितला होता.

"मी येते," ती म्हणाली. "दोन अटी. एक, पगार. थोडा चालेल, पण विद्या हा पगार नाही. घरमालक विद्या घेत नाही."

हे मी कसंबसं पचवलं. "आणि दुसरी?"

"वकीलपत्रावर माझंही नाव."

बस्स! आता माझे हात मांडीखालून सुटलेच. मी म्हटलं, "अगं, नाव कमवावं लागतं! मी सीनिअरच्या मागं उभा राहून राहून चपला झिजवल्या, तेव्हा कुठं माझं नाव कागदावर आलं! कालची पोर तू, आणि आज लगेच नाव?"

"नाव नसेल तर तुम्ही नसताना मी तिथं उभी राहून करू काय?" तिनं विचारलं. "कोर्ट म्हणेल, बाई, आपण कोण? मग मी काय सांगू? मी यांची बॅग?"

मी नुसताच आवाज चढवला. ती नमस्कार करून निघून गेली. संध्याकाळी मला तिची मेल आली. "आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार. सर्व बाबींचा विचार करता आम्ही सध्या आपल्यासोबत पुढे जाऊ शकत नाही. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा."

मला! शुभेच्छा! पुढील वाटचालीस! अरे, माझी वाटचाल संपत आली, गुडघे बोलतात, आणि ही कालची पोर मला नापास करते? मी ती मेल मेहुण्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "भावजी, भाषा फार चांगली आहे हो. मी आमच्याकडं वापरू का?"

गुरुवार उजाडला. मी ठरवलं होतं, की तळमजल्यावरची केस झटपट आटोपायची आणि वर जायचं. पण तळमजल्यावर उलटतपासणीला समोर असा साक्षीदार आला, की पहिल्याच प्रश्नाला त्याचा चेहरा उतरला. आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? मी विचारत गेलो, तो घसरत गेला, आणि मध्येच माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. वरच्या पुकाऱ्याची वेळ झाली होती. "साहेब, बाकीची तपासणी नंतर," असं म्हणून मी पळत सुटलो. पहिला मजला पळत, दुसरा चालत, तिसरा कठड्याला धरून. वरून पट्टेवाल्याचा पुकारा ऐकू येत होता, आणि तो घड्याळवाल्याच्याच नावाचा होता. डोळ्यांपुढे ते बंद दुकान दिसलं. कठडा सोडून मी दोन पायऱ्या एकदम चढायला गेलो आणि आपटलो.

दारात पोचलो तर आत कुणीतरी बोलत होतं. तीच! काळा कोट, गळ्याला पांढरा बँड, मान ताठ. बाजूला घड्याळवाला हात जोडून उभा. नंतर कळलं ते असं, की ती काम शोधायला कोर्टात फिरत होती, आणि हा बिचारा प्रत्येक काळ्या कोटाला "आमचे साहेब दिसले का" विचारत होता. केस तिला मी स्वतःच तोंडपाठ करून दिलेली. तिनं त्याला बाकावर बसवलं, वकीलपत्रावर त्याची सही घेतली आणि पुकारा होताच उभी राहिली.

"पण या अर्जदाराचे वकील दुसरेच आहेत," न्यायाधीश म्हणत होते. "त्यांच्या संमतीशिवाय तुम्हाला कसं उभं राहता येईल?"

"साहेब, ते इमारतीतच आहेत," ती म्हणाली. "वाटेत आहेत."

तेवढ्यात मी आत शिरलो. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आपलीच वाट पाहत होतो," न्यायाधीश म्हणाले. "या बाईंचं नाव वकीलपत्रावर यायला आपली संमती आहे का?"

मला बोलायचं होतं. नाव कमवावं लागतं, वगैरे सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण छातीचा भाता झालेला, आवाज फुटेना, आणि समोर घड्याळवाला माझ्याकडं असा बघत होता, की मी नजर खाली घातली. मी नाही म्हटलं असतं तर मला स्वतःलाच बोलावं लागलं असतं, आणि मला श्वासही घेता येत नव्हता. मान हलवली. सही केली. लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. कुठलं जास्त वाटलं, ते मला विचारू नका.

मग ती बोलली. मी तिच्या मागं उभा राहिलो आणि मागेल तो कागद पुढं करत गेलो. ती म्हणाली, की चूक वकिलाची होती, अशिलाची नव्हे, आणि वकिलाच्या गुडघ्यांची शिक्षा घड्याळवाल्याच्या दुकानाला देऊ नये. भर कोर्टात माझे गुडघे! समोरचा वकील हसला, न्यायाधीश हसले, स्टेनोनं मान खाली घातली. मग न्यायाधीशांनी एकतर्फी हुकूम रद्द केला. दुकान वाचलं, आता केस रीतसर चालणार होती.

बाहेर आल्यावर घड्याळवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, तुमचे उपकार कसे फेडू?" तो तिला म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "तुम्हीही आलात साहेब. बरं झालं."

मी घसा खाकरला. मोठेपणानं म्हटलं, "ठीक आहे. तुझ्या दोन्ही अटी मान्य. उद्यापासून ये."

ती फायली नीट लावत म्हणाली, "सर, मी तुम्हाला नकार कळवलाय ना. आता तुम्ही पुन्हा अर्ज करा. मी विचार करते."

आणि केला. काय करता? बायकोनं शेजारी बसून प्रत्येक वाक्यातला ताठा काढायला लावला. मेहुण्यानं सांगितलं, की आजकाल अर्जासोबत आपल्याला ओळखणाऱ्या एका माणसाचा अभिप्राय जोडावा लागतो. अनुभवींकडं जायची माझी छाती झाली नाही. मी घड्याळवाल्याच्या दुकानात गेलो. त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं, कागद घेतला, बराच विचार केला आणि एकच ओळ लिहिली. "माणूस उशिरा येतो, पण जिने चढून येतो."

मी म्हटलं, त्यातलं पहिलं अर्धं वाक्य काढ. तो म्हणाला, "साहेब, मग दुसऱ्या अर्ध्यावर ताई विश्वास ठेवणार नाहीत."